आयल रॉयल बेटावर नांगर कुठे आणि कसा टाकावा? ३८ फुटी शिडाची बोट, थंड पाणी, कातळाचा तळ

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकच्या आम्हा पाच जणांचा बेत ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटाभोवती शिडाच्या बोटीने आठ रात्री काढायचा आहे. बोट भाड्याची, ३८ फुटी, वजन साधारण ७ टन, पाण्याखाली १.८ मीटर, पुढची नाळ पाण्यापासून १.२ मीटर उंच. पुढे २० किलोचा रोक्ना नांगर, त्याला ५/१६ इंची साखळी १५० फूट आणि मागे जोडलेला १०० फूट नायलॉन दोर. पिछाडीच्या कप्प्यात घडीचा डॅनफोर्थ नांगर.

विचारायचं ते असं: कोणत्या वाऱ्यात कोणत्या खाडीत जावं? साखळी किती सोडावी? तळाला नांगर अडकला तर काय करावं? आणि गंगापूर धरणाच्या पाण्यावर यातलं काय काय घोटून घेता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

नांगरगाठ

चांगला विषय काढलात. आधी जागेची ओळख, म्हणजे पुढचं सगळं नीट बसेल.

बेट साधारण ७२ किलोमीटर लांब आणि सर्वात रुंद जागी १४ किलोमीटर, ईशान्य-नैर्ऋत्य असं तिरकं पडलेलं. १९४० पासून राष्ट्रीय उद्यान, १९७६ पासून जवळजवळ सगळी जमीन वन्य क्षेत्र म्हणून राखलेली. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल पूर्ण बंद. रस्ते नाहीत, मोबाइलवर विसंबायचं नाही. इंधन दोनच ठिकाणी, ईशान्य टोकाला रॉक हार्बर आणि नैर्ऋत्य टोकाला विंडिगो. रात्री बोटीतच झोपणार असलात, नांगरावर उभे असलात, तरी परमिट लागतं. ते पोचल्यावर पहिल्यांदा घ्या. बोट कॅनडाच्या बाजूने आणणार असाल तर अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याला आगमन कळवणं वेगळं.

घड्याळाकडेही लक्ष ठेवा. बेट पूर्व अमेरिकेच्या वेळेवर चालतं, समोरचा मिनेसोटाचा किनारा मध्य वेळेवर. हवामानाचं बुलेटिन आणि उद्यान कार्यालयाची वेळ यांत एक तासाचा घोळ सहज होतो. ऑगस्टच्या सुरुवातीला बेटावर सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेड भरपूर मिळतो. तरी नांगर टाकायचं काम सात वाजेपर्यंत आटपा. पहिली जागा पसंत पडली नाही तर दुसरी शोधायला उजेड हाताशी हवा.

आता खाड्या. मॅकार्गो कोव्ह उत्तर बाजूला, लांब आणि अरुंद. तोंड ईशान्येला असलं तरी बर्च आयलंड आडवं येतं, त्यामुळे आत पाणी शांत राहतं. डंकन बे ईशान्य टोकाजवळ, प्रवेश चिंचोळा, आत जागा मोठी. दक्षिण बाजूला चिप्पेवा हार्बर, आत गेलं की उत्तम आडोसा. पण तोंड अरुंद आणि दोन्हीकडे खडक, म्हणून दक्षिणेचा जोरदार वारा आणि मोठी लाट असताना आत शिरायचा हट्ट करू नये. सिस्किविट बे रुंद आहे आणि पूर्व-ईशान्येला उघडा, तिथे मोकळ्यावर रात्र काढू नका. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला हे बे मात्र चांगला. टोबिन हार्बरमध्ये सीप्लेन उतरतात, त्यांची वाट अडवायची नाही.

काळा_कातळ

नांगरगाठ यांनी खाड्यांची नावं दिली. त्या तशा का आहेत हे कळलं तर नकाशावर नाव नसलेल्या जागेचाही अंदाज बांधता येतो, म्हणून लिहितो. नाशिककरांना हे समजायला सोपं जाईल.

आपल्या अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या अंगावर बेसॉल्टचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. ते थर जवळजवळ आडवे आहेत. आयल रॉयलही बेसॉल्टचंच, फक्त फार जुनं. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तिकडचा सुमारे ११० कोटी वर्षांचा. तिकडचे थर मात्र कललेले आहेत, उतार आग्नेयेला. पुस्तकांची चळत एका बाजूला कलंडावी आणि प्रत्येक पुस्तकाची कड वर निघावी, तशा तिथल्या डोंगररांगा. प्रत्येक रांगेची आग्नेय बाजू लांब उताराची, वायव्य बाजू कड्यासारखी.

हिमनदीने दोन रांगांमधला मऊ भाग खरवडला आणि तिथे पाणी शिरलं. त्याच या लांब खाड्या. नांगर टाकणाऱ्याने यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या.

एक, अशा खाडीत वायव्य काठ म्हणजे एका रांगेचा सौम्य उतार. तो पाण्याखालीही तसाच पसरत जातो, म्हणून काठापासून बऱ्याच अंतरापर्यंत उथळ कातळ लागू शकतो. आग्नेय काठ म्हणजे पुढच्या रांगेचा कडा. तिथे काठापासून बोटीच्या लांबीवरही पाणी खोल असतं. खोलीचं यंत्र बघत आग्नेय काठाला बिलगून आलात आणि मग वारा फिरून बोट वायव्येकडे झुलली, तर तळाला टेकण्याची शक्यता असते.

दोन, गाळ साठतो तो खाडीच्या डोक्याशी, जिथे ओढा येऊन मिळतो. तोंडाकडे आणि मध्यावर उघडा कातळ किंवा गोटे. चकचकीत कातळावर कितीही भारी नांगर असला तरी तो धरत नाही, नुसता खरडत जातो. म्हणून तोंडापाशी जागा कितीही सुंदर दिसली तरी आत जा.

आणखी एक. सुपीरियरच्या उत्तर भागातल्या लोहयुक्त खडकांमुळे होकायंत्र काही ठिकाणी भरकटतं, चार्टवर तशा सूचना छापलेल्या असतात. धुक्यात अरुंद तोंडातून आत जाताना फक्त होकायंत्रावर जाऊ नका.

साखळीमाप

किती साखळी सोडायची याचं गणित मांडतो. इथेच सर्वात जास्त चुका होतात.

समजा यंत्र ६ मीटर दाखवतंय. पहिला प्रश्न, ६ मीटर कुठून? यंत्राचा डोळा बहुतेक बोटींत पाण्याखाली अर्धा मीटर असतो. काही बोटींत यंत्र किलच्या, म्हणजे बोटीखालच्या उभ्या पात्याच्या, तळापासून मोजायला लावलेलं असतं, काहींत पाण्याच्या पृष्ठभागापासून. भाड्याची बोट ताब्यात घेताना दोराला वजन बांधून एकदा प्रत्यक्ष मोजा आणि फरक वहीत लिहून ठेवा. फूट की मीटर हेही तेव्हाच बघा. जुन्या अमेरिकन चार्टवर त्या भागाची खोली फुटांत असते.

आता ६ अधिक ०.५ अधिक नाळेची उंची १.२, एकूण ७.७ मीटर. साखळी या उंचीच्या पाचपट सोडायची हा नियम धरला तर ३८.५ मीटर. जो नुसते यंत्रावरचे ६ धरून पाचपट, म्हणजे ३० मीटर सोडतो, त्याची प्रत्यक्षात चारपटही होत नाही. त्याला वाटतं नियम पाळला.

तुमची १५० फूट साखळी म्हणजे ४५ मीटर. ७.७ ला ती जवळजवळ सहापट होते, छान. ती पूर्ण सोडा.

साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते असं सगळे सांगतात. किती वाऱ्यापर्यंत, ते बघू. ५/१६ इंची साखळी पाण्यात मीटरला साधारण १.३७ किलो भरते. ४५ मीटर साखळी ७.७ मीटर उंचीवरून सोडली, तर शेवटची कडी तळावरून उचलली जायला साधारण १७५ किलोची आडवी ओढ पुरते. ४० फुटी बोटीसाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात ३० नॉट वाऱ्याला १२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४५ किलो ओढ धरतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या हिशोबाने १७५ किलो ओढ १७ नॉटलाच गाठली जाते. तुमची बोट थोडी लहान, तरी चित्र तेच.

म्हणजे खऱ्या वाऱ्यात साखळी सरळ काठीसारखी ताणलेली असते आणि वजनाचा आधार संपलेला असतो. तेव्हा कामाला येतो तो फक्त कोन. सहापट साखळीला नांगरावरची ओढ तळापासून १० अंशांनी वर, चारपटीला १५ अंशांच्या आसपास, तिप्पटीला साडेएकोणीस. कोन वाढला की पातं जमिनीत शिरण्याऐवजी वर उपटलं जातं. म्हणून साखळीवर लोंबकळणारं जादा वजन वगैरे उपायांच्या मागे लागू नका. तेवढे किलो नांगरातच असावेत, आणि साखळी लांब.

झुलण्याचं वर्तुळ: ४५ मीटर साखळीची आडवी पोच ४४ मीटर, अधिक बोटीची लांबी ११.६, एकूण ५६ मीटर त्रिज्या. ११० मीटरपेक्षा अरुंद खाडीत हे वर्तुळ मावत नाही. तिथे साखळी कमी न करता जागा बदला.

नांगरगाठ

साखळीमाप यांच्या आकड्यांना जोडून प्रत्यक्ष कृती लिहितो.

ठरवलेल्या जागेभोवती अगदी हळू एक फेरी मारा, ५०-६० मीटर त्रिज्येची, यंत्रावर नजर ठेवून. कुठे अचानक उथळ लागतं ते कळेल. काठावरच्या पाण्यात उतरलेला कातळ दिसतो का तेही बघा. सुपीरियरचं पाणी इतकं स्वच्छ आहे की उन्हात काही मीटर खालचा गोटा स्पष्ट दिसतो आणि जवळ वाटतो.

मग वाऱ्याला तोंड करून या. बोट थांबली की नांगर सोडायचा, आधी नाही. फेकायचा तर मुळीच नाही. हळूहळू तळाला टेकेपर्यंत उतरवा. टेकला त्याच क्षणी चार्टप्लॉटरवर (जीपीएस नकाशाच्या पडद्यावर) खूण करा, ती पुढे लागणार आहे. बोटीला वाऱ्याने मागे सरकू द्या आणि ती सरकेल त्याच गतीने साखळी सोडा. सगळी एकदम सोडली तर नांगरावरच ढीग पडतो आणि एखादी कडी पात्याला वेटोळं घालते. असा नांगर पहिल्या झुळकेला धरल्यासारखा वाटतो, खऱ्या वाऱ्याला निघून येतो.

२० मीटर सुटल्यावर थोडं थांबा. नाळ वाऱ्याकडे वळली म्हणजे पात्याने जमीन पकडली. उरलेली साखळी सोडा. मग १२ ते १४ मिमी जाडीचा तीन पिळी नायलॉन दोर, ८-९ मीटर लांब, हुकाने किंवा रोलिंग हिच गाठीने साखळीला लावून क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर) घ्या, आणि पुढे आणखी दोन मीटर साखळी सैल सोडा. आता झटका नायलॉन खातो. विंडलासवर भार ठेवायचा नसतो, ते फक्त उचलण्याचं यंत्र आहे. दोर नाळेच्या कडेला घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा.

शेवटी परीक्षा. इंजिन रिव्हर्समध्ये १००० फेऱ्यांवर अर्धा मिनिट, मग १५००, मग २००० वर पूर्ण मिनिट. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, पुढचा खडक आणि मागचं स्प्रूसचं झाड अशा. त्या एकमेकींपासून सरकल्या तर बोट सरकतेय. त्याच वेळी एकाने नाळेशी बसून साखळीवर तळहात टेकवावा. धरलेल्या नांगराची साखळी नुसती ताठ होते. खरडणाऱ्या नांगराची साखळी हातात थरथरते आणि मध्येच ठक-ठक लागते. हा फरक एकदा हाताला कळला की यंत्रापेक्षा त्यावर जास्त भरवसा बसतो.

दोनदा प्रयत्न करून धरला नाही तर तिसऱ्यांदा तिथेच टाकू नका. वर काढून पातं बघा. गवताचा गठ्ठा असेल तर तळ गवताळ आहे, पातं चकचकीत घासलेलं असेल तर कातळ.

विंडलासच्या आवाजात ओरडून काही कळत नाही. हाताच्या पाच खुणा ठरवून घ्या: पुढे, मागे, थांब, सोड, उचल.

दोरखंड

वरचं सगळं मान्य. पण या बेटावर मी ट्रिप लाइन, म्हणजे अडकलेला नांगर उलटा ओढून काढायचा दोर, सक्तीची म्हणेन. खाड्यांच्या डोक्याशी पाण्यात पडलेली झाडं तळाला असतात, आणि थंड गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजत नाही. पातं ओंडक्याखाली गेलं की पुढून कितीही ओढा, निघत नाही. उबदार पाण्यात कुणी बुडी मारून सोडवतं. इथे जूनमध्ये उघड्या सरोवराचं पाणी ४ अंशांच्या आसपास असतं, ऑगस्टमध्ये खाडीत जरा बरं, पण खाली थंडच. अशा पाण्यात अचानक पडलं तर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. बुडी मारणं हा पर्याय धरायचाच नाही.

ट्रिप लाइन अशी: ८ मिमी दोर, लांबी खोलीपेक्षा दोन मीटर जास्त, एक टोक नांगराच्या डोक्याकडच्या छिद्राला, दुसरं लहान बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला. निघताना पुढून निघाला नाही तर ही लाइन ओढायची. नांगर उलटा, आला तसाच मागे निघतो.

नांगरगाठ

दोरखंड यांच्याशी थोडा मतभेद. बोया ठेवला की वारा पडल्यावर बोट त्याच्यावर येते आणि लाइन सुकाणूत किंवा पंख्यात अडकते. दुसरी बोट रात्री आली तर तिच्याही पंख्यात. माझ्या मते गाळ स्वच्छ दिसतो तिथे नको. खाडीच्या अगदी डोक्याशी, झाडं पाण्यात कललेली दिसत असतील तिथेच लावा.

दोरखंड

हे पटतं. पडलेली झाडं दिसली तर लावा, नाहीतर नको, असं धरू.

लाइन नसताना अडकला तर क्रम असा. साखळी ओढून नाळ बरोबर नांगराच्या वर आणा, साखळी उभी ताठ करून क्लीटवर बांधा, विंडलासवर नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, बोटीच्या वरखाली होण्याने पुष्कळदा सुटतो. नाही सुटला तर साखळी थोडी सैल करून, नांगर ज्या दिशेने रोवला होता त्याच्या उलट दिशेला इंजिनाने अगदी हळू चला.

ओंडक्यासकटच वर आला तर घाई करू नका. ओंडका पाण्याच्या पृष्ठभागाशी आणा, त्याच्या खालून एक दोर घालून दोन्ही टोकं बोटीवर बांधा. भार त्या दोरावर आला की साखळी एक मीटर सोडा, नांगर आपोआप खाली पडून मोकळा होतो. मग नांगर वर घ्या आणि दोराचं एक टोक सोडा. हे करताना हात ओंडका आणि बोट यांच्या मध्ये कधीही नको.

आणि बुडालेली जहाजं. वॉशिंग्टन हार्बरच्या उत्तर वाटेत १९२८ साली बुडालेलं अमेरिका नावाचं जहाज आहे, त्याची नाळ पृष्ठभागापासून मीटरभरच खाली. बेटाभोवती अशी बरीच आहेत, चार्टवर खुणा आहेत. त्यांच्या अंगावर नांगर टाकायचा नाही. साखळी अडकते हे एक, आणि शंभर वर्षं टिकलेलं लाकूड-लोखंड एका रात्रीत मोडतं हे दुसरं.

उत्तरवारा

हवामानावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बेटाच्या खाड्या ईशान्य-नैर्ऋत्य. म्हणजे ईशान्येचा वारा सुटला तर तो खाडीच्या अंगानेच वाहतो, आडवा नाही. ज्या खाडीचं तोंड तिकडे उघडं, तिथे लाट सरळ आत येते. म्हणून रात्रीचा अंदाज पूर्व किंवा ईशान्य म्हणत असेल तर तोंडाशी बेट किंवा वळण असलेली जागाच घ्या.

ऑगस्टमध्ये दुसरा धोका वादळी पावसाचा. पट्टा बहुधा पश्चिमेकडून, मिनेसोटावरून येतो. दुपारपर्यंत नैर्ऋत्येचा मऊ वारा, संध्याकाळी शांत, रात्री एक-दोन वाजता एकदम वायव्येचा फटका. वारा असा फिरला की नांगराला उलट बाजूने ओढ बसते, तो उपटून पुन्हा रोवला जायला हवा. रोक्नासारखा वाकड्या पात्याचा आणि वरच्या कडीचा नांगर हे चांगलं करतो. घडीचा डॅनफोर्थ एका दिशेने गाळात जबरदस्त धरतो, पण उपटल्यावर त्याच्या बिजागरीत गोटा किंवा फांदी अडकली तर पातं उघडतच नाही. म्हणून तो रात्रीचा एकटा नांगर म्हणून वापरू नका.

बोट घसरली तर वाजणारा जीपीएसचा अलार्म लावताना एक चूक नेहमी होते. बोट आता जिथे उभी आहे त्या बिंदूवर वर्तुळ धरतात. मग वारा फिरून बोट नांगराच्या पलीकडे गेली की अलार्म विनाकारण वाजतो, लोक वैतागून बंद करतात आणि मग खरंच घसरल्यावर कुणी जागं नसतं. वर्तुळाचा मध्य नांगर टेकला ती खूण, आणि त्रिज्या ५६ अधिक जीपीएसच्या चुकीसाठी दहा, म्हणजे ६६ मीटर.

भरती-ओहोटी तिथे धरण्याइतकी नाही. पण वारा आणि हवेचा दाब बदलल्याने सरोवराचं पाणी डुलतं, काही मिनिटांत ते काही तासांत वीस-तीस सेंटिमीटर वरखाली. त्याला सेश म्हणतात. पसरट भांड्यातलं पाणी हलवल्यावर कडेला चढतं-उतरतं तसं. किलखाली निदान पाऊण मीटर मोकळं राहील असं बघा.

जून-जुलैचं धुकं ऑगस्टमध्ये कमी होतं, संपत नाही. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरची वाहिनी ऐकत राहा, हवामान वाहिनी सकाळ-संध्याकाळ.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. गोड्या पाण्यात बोट जास्त बुडते म्हणतात, त्याचा हिशोब धरावा का? आणि गंगापूरचं राहिलं.

साखळीमाप

७ टनांची बोट समुद्रातून गोड्या पाण्यात आली तर सेंटिमीटरभरच खाली बसते. विसरून जा. गोड्या पाण्याचा खरा फरक बोटीचा धातू गंजू नये म्हणून लावलेल्या झिंकच्या तुकड्यांत पडतो. त्यांच्यावर थर चढून ते निकामी होतात, तिकडच्या बोटींना मॅग्नेशियमचे लावतात. भाड्याच्या बोटीत ते मालकाचं काम.

काळा_कातळ

गंगापूरबद्दल. पिण्याचं पाणी आहे, त्यामुळे परवानगी घेऊन आणि तेल-इंजिनाशिवायच. पण यासाठी बोटही लागत नाही. मे महिन्यात पाणी मागे सरतं तेव्हा काठाचा ओला चिखल उघडा पडतो. ५ किलोचा डॅनफोर्थ किंवा कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून त्या आकाराचा करून घेतलेला नांगर, १५ मीटर दोर, आणि कांद्याच्या गोण्या तोलायचा टांगता इलेक्ट्रॉनिक काटा एवढं न्या. काटा दोराच्या मध्ये अडकवा.

दोर जमिनीलगत धरून दोघांनी सावकाश ओढा. पहिल्या हातभर अंतरात पातं नुसतं चर पाडतं, मग टोक खाली वळतं, चर खोल होत जातो, दांडाही चिखलात बुडतो आणि काट्यावरचा आकडा चढत जातो. आता तोच दोर गुडघ्याइतका वर धरून, मग नांगराच्या अगदी जवळ येऊन कमरेइतका वर धरून ओढा. दांडा उचलला जातो, चिखलाला भेग पडते, पातं उताणं होतं आणि आकडा पडतो. साखळीमाप यांनी लिहिलेले दहा, पंधरा, साडेएकोणीस अंश इथे डोळ्यांनी दिसतात. मग तेच मुरमाड जागी आणि उघड्या कातळावर करा. आयल रॉयलच्या तोंडाशी आणि डोक्याशी काय फरक पडेल ते गंगापूरलाच कळेल.

दोरखंड

बोट ताब्यात घेताना चार गोष्टी तपासा. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची, म्हणजे शॅकलची, पिन तारेने बांधलेली आहे का, नसेल तर तिथेच बांधून घ्या, पिन फिरून निघते. साखळी आणि दोराचा जोड विंडलासच्या चाकातून अडखळत नाही ना, पूर्ण बाहेर काढून बघा. साखळीवर दर ५ मीटरला रंग किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांची खूण आहे का. आणि दोराचं शेवटचं टोक साखळीच्या कप्प्यात आतल्या कडीला कसं बांधलंय. ते शॅकलने जोडलेलं असेल तर बदलायला सांगा. दोरीनेच बांधलेलं हवं, आणि ती दोरी डेकवर येईल इतकी लांब. रात्री नांगर सुटत नाही, मागे कातळ आलाय आणि सगळं सोडून निघायचं आहे अशा वेळी एका चाकूच्या घावात मोकळं होता आलं पाहिजे. चाकू नाळेशी म्यानात बांधलेला असू द्या. सोडलेल्या टोकाला फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा हवा भरलेला तरंगता गोळा) बांधून टाका, म्हणजे सकाळी साखळी-नांगर परत उचलता येतो.